पुण्यात राहून चरित्र भूमिका: कामापासून कमाईपर्यंत

मालिकेतला मामा, सिनेमातला फौजदार, जाहिरातीतले आजोबा, मानपानावरून अडून बसलेली वरमाय. एका नायकामागे पडद्यावर अशी पंधरा-वीस माणसं लागतात. ही कामं झोकात करतील अशी मंडळी पुण्यात गल्लोगल्ली आहेत. कुणी कॉलेजात एकांकिका गाजवलेली असते, कुणी राज्य नाट्य स्पर्धेत बक्षीस घेतलेलं असतं, कुणी बँकेतून निवृत्त झालेलं असतं. अभिनय त्यांना येतो. पण काम मिळतं कसं, पैसे ठरतात कसे, हातात कधी पडतात आणि वर्षाअखेर गाठीला काय राहतं, हे त्यांना कुणी बसवून सांगत नाही. मी याच धंद्यात आहे आणि चांगली चांगली माणसं केवळ ही माहिती नसल्यामुळे दोन वर्षांत थकून परत जाताना पाहतो. ते थांबावं असं मला मनापासून वाटतं.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की धरा. चरित्र अभिनेत्याचं, म्हणजे नायक-नायिकेभोवतीची अशी माणसं करणाऱ्या नटाचं, गणित वर्षात किती दिवस चेहऱ्याला रंग लागला आणि त्यातले किती पैसे घरी पोचले, यावर बसतं. पर डे, म्हणजे दिवसाचा दर, कितीचा, हा प्रश्न त्यानंतरचा. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच हिशेबाने लिहिल्या आहेत.

चूल पेटती ठेवा

निळू फुले पुण्यात लष्कराच्या वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करत होते. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन होते आणि १९६९ मध्ये, चाळिशी ओलांडल्यावर, पूर्णवेळ नट झाले. डॉ. मोहन आगाशे मानसोपचारतज्ज्ञ. पुण्याच्या रंगभूमीने दिलेले हे मोठे नट पोटापाण्याची सोय हाताशी ठेवूनच या क्षेत्रात उभे राहिले. नोकरी सोडून 'आता फक्त अभिनय' असा निर्णय घेणाऱ्याला पहिल्या दिवसापासून पैशाची घाई असते, आणि घाईत माणूस पडेल त्या दराला, पडेल ते काम घेतो. तो दर मग वर्षानुवर्षं चिकटून राहतो.

शिकवण्या, घरून करता येणारं काम, निवृत्तिवेतन, छोटं दुकान, काहीही चालेल, फक्त सलग तीन-चार दिवस बाहेर राहता आलं पाहिजे. सरकारी नोकरीत असाल तर बाहेरच्या मोबदल्याच्या कामासाठी कार्यालयाची लेखी परवानगी घ्या. तोंडी 'करा हो, काय त्यात' यावर विसंबू नका.

आपला साचा ओळखा

कास्टिंग करणारा माणूस तुमचा फोटो पाहून काही सेकंदांत ठरवतो की हा कोण दिसतो: शिक्षक, सावकार, हवालदार, वारकरी, कंपनीचा साहेब. याचा राग मानू नका, आपली भाकरी त्यावरच आहे. ओळखीच्या पण स्पष्ट बोलणाऱ्या चार-पाच जणांना विचारा, 'मला तू कुठले रोल देशील?' जी उत्तरं सारखी येतील तो तुमचा साचा. त्यातल्या दोन-तीन प्रकारांत तुमच्याइतका खरा माणूस दुसरा दिसता कामा नये.

पुणेकरांनी एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावं, ती म्हणजे बोली. आपल्यातल्या अनेकांचं मराठी फार स्वच्छ असतं आणि मालिकांत माणसं लागतात ती सातारची, नगरची, सोलापूरची, कोल्हापूरची. आजोळची भाषा अजून जिभेवर असेल तर ते भांडवल आहे. नसेल तर मार्केट यार्डात, एसटीत, गावच्या जत्रेत कान उघडे ठेवून बसा. 'व्हय' आणि 'न्हाय' घातलं की ग्रामीण होत नाही. वाक्याचा हेल कुठे चढतो आणि कुठे टेकतो ते पकडावं लागतं.

दाढी, मिशी, केस हाही व्यवसायाचा भाग आहे. ज्या रूपात तुमची निवड झाली ते रूप न विचारता बदलायचं नाही.

पुण्यात तयारी कुठे करायची

नाटकासाठी पुण्याइतकं सोयीचं शहर क्वचितच सापडेल. सदाशिव पेठेतलं भरत नाट्य मंदिर, शनिवार पेठेतला सुदर्शन रंगमंच, राज्य नाट्य स्पर्धेचं पुणे केंद्र, विद्यार्थ्यांसाठी पुरुषोत्तम आणि फिरोदिया करंडक, विद्यापीठाचं ललित कला केंद्र. एखाद्या संस्थेत नियमित जा आणि मिळेल ते काम करा. आवाज, पाठांतर आणि वेळेवर हजर राहण्याची सवय तालमीतच लागते.

कॅमेऱ्याची सवय मात्र नाटकात लागत नाही. तिच्यासाठी आपल्याकडे लॉ कॉलेज रस्त्यावरची फिल्म इन्स्टिट्यूट आहे. १९६० मध्ये प्रभात स्टुडिओच्या जागेवर ती सुरू झाली. तिथले विद्यार्थी अभ्यासक्रमाचा भाग म्हणून दरवर्षी लघुपट करतात आणि त्यांना पन्नाशीचा बाप, साठीची शेजारीण, पोस्टमन, डॉक्टर असे नट लागतात. मानधन नाममात्र असतं. तरी जा. कारण तिथे एकेका शॉटवर वेळ दिला जातो, दिग्दर्शक प्रश्न विचारतो, आणि हातात उत्तम छायाचित्रण असलेलं काम येतं, जे पुढे दाखवता येतं. पहिली दोन-तीन कामं तिथे झालेला माणूस मालिकेच्या सेटवर बावचळत नाही.

बावचळणं म्हणजे काय ते एका जेवणाच्या सीनवरून सांगतो. मास्टर शॉटमध्ये, म्हणजे सगळा प्रसंग एकत्र टिपणाऱ्या शॉटमध्ये, तुम्ही 'जमीन विकायची नाही' म्हणताना भाकरीचा तुकडा मोडला आणि 'बापाची आहे ती' म्हणताना तोंडात घातला. आता क्लोज लागला, म्हणजे कॅमेरा फक्त तुमच्या चेहऱ्यावर आला. तुकडा त्याच शब्दावर मोडायचा, त्याच हाताने, आणि घास तोंडात असताना पुढचं वाक्य स्वच्छ बोलायचं. समोरच्या नटाचा क्लोज लागेल तेव्हा कॅमेऱ्यामागे बसून हेच सगळं पुन्हा, तेवढ्याच मनापासून. एका संध्याकाळी असे पाच-सहा घास होतात. म्हणून जुने नट पहिल्या टेकला वरणभाताशी नुसते खेळतात आणि मोजून एकच घास घेतात. मार्कवर, म्हणजे उभं राहायच्या जागी केलेल्या खुणेवर, खाली न बघता थांबणं, नजर कुठे ठेवायची ते लक्षात ठेवणं, आवाज बाल्कनीपर्यंत न फेकता समोरच्यापुरता ठेवणं, हे सगळं याच जातीचं काम आहे. घरी मोबाइल लावून रोज सराव करता येतो.

प्रोफाइल आणि सेल्फ टेस्ट

पोर्टफोलिओवर हजारो रुपये घालवू नका. चरित्र अभिनेत्याला चार साधे फोटो पुरतात: चेहऱ्याचा, कमरेपर्यंतचा, पूर्ण उंचीचा आणि एका बाजूचा. दिवसाचा उजेड, मागे कोरी भिंत, अंगात एकरंगी कपडे, चेहऱ्यावर कुठलाही फिल्टर नाही. पांढरे केस असतील तर दिसू द्या, त्यांनाच काम आहे. जोडीला एक छोटा ओळखीचा व्हिडिओ: नाव, वय, उंची, राहण्याचं ठिकाण, येणाऱ्या भाषा आणि बोली, केलेली कामं. शेवटी डावीकडे आणि उजवीकडे मान वळवून चेहरा दाखवायचा. दर सहा महिन्यांनी हे सगळं नवं करा. पाच वर्षांपूर्वीचा फोटो पाठवणारा माणूस ऑडिशनला पोचतो आणि समोरच्याचा चेहरा पडतो.

हल्ली पहिली चाळणी घरीच चित्रित करून मोबाइलवर पाठवलेल्या सेल्फ टेस्टनेच होते, आणि पुण्यात राहणाऱ्याला तर हे वरदानच आहे. मोबाइल आडवा, डोळ्यांच्या उंचीवर, काहीतरी आधार देऊन. खिडकी समोर हवी, पाठीमागे नको. पंखा बंद, कुकरची शिट्टी होऊन गेलेली, शेजारच्या बांधकामाची जेवणाची सुट्टी. समोरची वाक्यं बोलायला घरातलं कुणीतरी उभं करा. त्याने सपाट वाचलं तरी चालेल, फक्त आवाज तुमच्याहून मोठा नको. कागद हातात नको. एकच सीन दोन वेगळ्या पद्धतीने करून पाठवला तर काम करवून घेता येणारा नट म्हणून तुमची नोंद होते. निरोप सकाळी आला तर दुपारपर्यंत टेस्ट गेली पाहिजे. मालिकेत एखादं पात्र संध्याकाळी लिहिलं जातं आणि परवा शूट होतं. तिथे 'उद्या पाठवतो' म्हणणाऱ्याची वाट कुणी बघत नाही.

काम देतो कोण

कास्टिंग डायरेक्टर, मालिकेचा कार्यकारी निर्माता, कमिशनवर काम जुळवून देणारा कोऑर्डिनेटर आणि सहायक दिग्दर्शक, या चौघांकडे आपलं नाव फिरत असतं. मोठ्या भूमिकेला वाहिनीचीही मंजुरी लागते, म्हणून निवड झाल्यावरही आठवडाभर शांतता असू शकते. माझ्या अनुभवात सगळ्यात टिकाऊ ओळख सहायक दिग्दर्शकांची. आज क्लॅप देणारा मुलगा चार-पाच वर्षांत स्वतः दिग्दर्शन करू लागतो, आणि कुठल्या काकांनी रात्री दहा वाजता, चौथ्या टेकलाही कुरकुर न करता काम दिलं ते तो विसरत नाही.

खरा कास्टिंगवाला ऑडिशनचे पैसे मागत नाही. नोंदणी फी, 'कार्ड बनवून देतो', 'आमच्याच फोटोग्राफरकडून फोटो काढा', 'रोल पक्का, फक्त वर्कशॉपचे भरा', यातलं काहीही ऐकू आलं की तिथेच विषय संपवा. स्वारगेटजवळच्या एखाद्या भाड्याच्या हॉलमध्ये शंभर जणांना बोलावून प्रत्येकाकडून पाचशे रुपये घेतले तर पन्नास हजार होतात. त्याचा धंदा एवढाच असतो.

पैसे ठरवताना

मालिकेत दर दिवसाचा असतो आणि त्यासोबत महिन्याला अमुक दिवसांची हमी मिळू शकते. हमी मागा. ती मिळत नसेल तर निदान महिन्याला साधारण किती दिवस लागतील ते विचारा, कारण त्यावर तुमची बाकीची कामं बसवायची असतात. शिफ्ट किती तासांची धरली आहे, बारा तासांच्या वर गेलं तर काय, प्रवास आणि राहणं कुणाकडे, कपडे त्यांचे की आपले, हे सगळं होकार देण्याआधी विचारायचं. बायकांनी रात्री पॅकअप झाल्यावर घरी सोडण्याची गाडी आणि स्वतंत्र मेकअप रूम या दोन्ही गोष्टी त्याच फोनमध्ये ठरवून टाकाव्यात.

आता हिशेब करू. आकडे केवळ उदाहरणापुरते धरलेत. ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावर सेट आहे, पर डे ४ हजार, महिन्याला १० दिवस. झाले ४० हजार. टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापून सरकारकडे भरायचा कर, १० टक्के. ४ हजार कापून ३६ हजार. कोऑर्डिनेटरचं कमिशन १० टक्के धरलं तर आणखी ४ हजार. पुण्याहून चार फेऱ्या, प्रत्येकी दीड हजार, म्हणजे ६ हजार. तिघा-चौघांत घेतलेल्या खोलीचं भाडं आणि जेवण ८ हजार. उरले १८ हजार. टीडीएस पुढे परत मिळाला तर २२ हजार, आणि येण्याजाण्यात गेलेले दिवस वेगळेच.

त्याच महिन्यात भोर किंवा वाईला सिनेमाचं शूटिंग आहे. दिवसाला ६ हजार, फक्त ४ दिवस, पण गाडी, राहणं, जेवण सगळं प्रॉडक्शनचं, आणि काम थेट तुम्हाला आलेलं. २४ हजार जवळजवळ पूर्ण घरी येतात. चार दिवसांनी दहा दिवसांना मागे टाकलं. सिनेमा दर महिन्याला मिळत नाही आणि मालिकेचे दिवस ठरलेले असतात, हे खरंच आहे. म्हणून मालिका सोडा असं मी म्हणत नाही. मालिका स्वीकारतानाच 'महिन्यातले अमुक चार-पाच दिवस आधी कळवून मला बाहेरच्या कामासाठी लागतील' हे बोलून ठेवा. नंतर मागितलं तर मेहेरबानी होते.

जाहिरातीचा प्रकार वेगळा. पैसे एकरकमी ठरतात, पण ते केवळ त्या दिवसाचे नसतात. जाहिरात किती काळ, कुठल्या माध्यमात आणि कुठल्या भागात चालणार, यावर रक्कम ठरली पाहिजे. पुण्यात सराफ, बांधकाम व्यावसायिक, मसालेवाले, रुग्णालयं अशा जाहिराती सतत बनतात. एका सराफाचे आजोबा झालात की दुसरा सराफ तुम्हाला घेत नाही, म्हणून काळाची मर्यादा लेखी हवीच. एक वर्षासाठी ठरलेला चेहरा तीन वर्षं चौकाचौकात झळकत असेल तर ती तुमच्या कमाईतून झालेली वजावट आहे.

करार वाचा

करार इंग्रजीत असतो आणि सेटवर घाईत, दाढी लावून झालेली असताना पुढे केला जातो. आदल्या दिवशी मागून घ्या. चार ओळी आधी शोधा: पैसे किती दिवसांनी, काम कधीही थांबवायचा अधिकार कुणाला आणि किती दिवसांच्या सूचनेवर, दुसरीकडे काम करायला बंदी आहे का, आणि चित्रीकरणाचे हक्क. हक्क बहुतेक वेळा सर्व माध्यमांसाठी, कायमचे निर्मात्याकडे जातात, म्हणजे मालिका पुन्हा दाखवली किंवा ओटीटीवर गेली तर वेगळं काही मिळेल असं धरून चालू नका. बंदीचं कलम मात्र चरित्र अभिनेत्याने सहसा मान्य करू नये. नायकाला बांधून ठेवतात तेव्हा त्याची किंमत मोजतात. महिन्याला आठ दिवस देणाऱ्याने तीस दिवसांची बंदी घालणं न्याय्य नाही, आणि हे नम्रपणे सांगितलं तर ते कलम अनेकदा काढलंही जातं.

पैसे हातात येईपर्यंत

मालिकेत काम झाल्यापासून पैसे यायला ९० दिवस लागणं ही रूढच पडली आहे. जानेवारीत काम, एप्रिलमध्ये पैसे. म्हणून पहिली मालिका मिळाली की आनंद जरूर करा, पण तीन महिन्यांचा घरखर्च आणि प्रवासखर्च बाजूला काढूनच सेटवर जा.

एक साधी डायरी ठेवा. तारीख, सेट, कॉल टाइम (सेटवर बोलावलेली वेळ), पोचल्याची वेळ, पॅकअपची वेळ, किती सीन झाले. महिना संपला की दोन दिवसांत बिल पाठवा आणि पोचल्याचं उत्तर घ्या. बिलावर तारखा असल्या की 'तुमचे सातच दिवस दिसतायत' असा फोन आला तरी वाद होत नाही. वसुलीचा फोन अकाउंट्स विभागाला, ठरलेल्या वारी, आवाज न चढवता. कार्यकारी निर्मात्याशी नातं कामाचं ठेवा, त्याला पैशासाठी रोज टोचू नका.

सिनेमात पैसे टप्प्यांनी घ्या: काही रक्कम करार होताना, काही चित्रीकरणात, उरलेली डबिंगच्या आधी. डबिंग झालं की आपल्या हातात काही राहत नाही. जिथे आवाज सेटवरच ध्वनिमुद्रित होतो तिथे डबिंग नसतं, म्हणून शेवटचा हप्ता शेवटच्या शूटिंग-दिवसाच्या आधी बांधून घ्या.

पैसे अडकलेच तर कलाकारांच्या संघटनांकडे तक्रार करता येते. सिने अँड टीव्ही आर्टिस्ट्स असोसिएशन, म्हणजे सिंटा, सभासदांच्या अशा तक्रारी हाती घेते. मराठीसाठी अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळ आहे. सभासदत्व काम सुरू झाल्यावर लवकर घ्या. तक्रारीला कागद लागतात: करार, बिलं, कॉल टाइमचे निरोप, ती डायरी.

कर आणि बचत

एका निर्मात्याकडून वर्षाला ५० हजारांहून जास्त मानधन मिळत असेल तर साधारण १० टक्के टीडीएस कापला जातो. तो तुमच्या पॅनवर जमा झाला का, ते प्राप्तिकराच्या पोर्टलवर २६ एएस या करजमेच्या पत्रकात पाहा. कापलाय पण भरला नाही, असंही घडतं, आणि वर्ष उलटल्यावर दाद मागणं जड जातं.

चित्रपट कलावंत हा पेशा कायद्याच्या यादीत असल्याने अनुमानित उत्पन्नाची योजना घेता येते. वर्षाची जमा ५० लाखांच्या आत असेल तर निम्मी रक्कम उत्पन्न धरली जाते आणि खर्चाच्या पावत्यांचा ढीग सांभाळावा लागत नाही. रोखीने आलेली रक्कम ५ टक्क्यांच्या आत असेल तर ही मर्यादा ७५ लाख आहे. वर्षाला ५ लाख मिळवणाऱ्या आणि दुसरं उत्पन्न नसलेल्या नटाचं उत्पन्न अडीच लाख धरलं जाईल आणि कापलेला सगळा टीडीएस परत येईल. विवरणपत्र न भरल्यामुळे हे पैसे सोडून देणारे किती तरी जण मी पाहतो. जीएसटीची नोंदणी वर्षाला २० लाखांच्या वर गेल्यावर. एकदा सनदी लेखापालाकडे बसून घ्या, त्याची फी पहिल्याच परताव्यात निघते.

आरोग्यविमा स्वतःचाच काढा. सेटवर कुणी तुमच्या नावाने भविष्यनिर्वाह निधी भरत नाही, म्हणून दर चेकमधून ठरावीक हिस्सा पीपीएफ किंवा तत्सम खात्यात टाकायचा.

पुण्यातलं राहणं आणि अधली-मधली कामं

सकाळी सातचा कॉल असेल तर आदल्या रात्रीच पोचायला हवं. डेक्कन क्वीन सव्वासातला पुणे सोडते, तिच्या भरवशावर राहून चालत नाही. शिवनेरीने रात्री जाणं आणि सलग दिवस मागून घेणं, हाच उपाय. 'सोमवारी एक, गुरुवारी एक' असे सुटे दिवस पुणेकराला परवडत नाहीत, हे शेड्यूल करणाऱ्याला पहिल्याच आठवड्यात सांगा. तोही माणूस आहे, शक्य तितकं जुळवतो.

मधल्या काळात पुण्यात डबिंग, श्राव्य पुस्तकं, कंपन्यांचे प्रशिक्षणपट, मुलांची नाट्यशिबिरं आणि नाटकाचे प्रयोग अशी कामं असतात. आकाशवाणी आवाजाची चाचणी घेऊन नाट्यकलावंत निवडते, तीही देऊन ठेवा. या कामांचे पैसे कमी असले तरी लवकर येतात आणि वर्षाचे दिवस भरतात.

ट्रॅक संपतो तेव्हा

एक दिवस लेखक तुमच्या पात्राला गावी पाठवतो, तुरुंगात टाकतो किंवा फोटोला हार घालतो. कधी सहा महिन्यांचा लीप येतो, म्हणजे कथा तेवढी पुढे उडी मारते, आणि घरातली निम्मी माणसं गायब होतात. यात तुमच्या अभिनयाचा दोष शोधत बसू नका, टीआरपी आणि खर्च यांची ती गणितं असतात. शेवटच्या दिवशी सगळ्यांचा नीट निरोप घ्या, बाकी बिलांची यादी मेलवर पाठवा आणि त्याच आठवड्यात नवा व्हिडिओ काढून कास्टिंगवाल्यांना कळवा की तुम्ही मोकळे आहात. दर वाढवून मागायचा तो नव्या कामाच्या सुरुवातीला. चालू मालिकेत वाढ मागायची असेल तर पात्राला कथेत वजन आलेलं असताना.

आणि पहिल्या नाटकापासूनचे कागद जपा: प्रयोगांच्या जाहिराती, प्रमाणपत्रं, वर्तमानपत्रांतली कात्रणं, करार, श्रेयनामावलीचे फोटो. राज्य सरकारच्या राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन सन्मान योजनेत पात्र कलावंतांना दरमहा ५ हजार रुपये मिळतात. वयाची पन्नाशी, उत्पन्नाची मर्यादा आणि पंधरा वर्षांचं कलाक्षेत्रातलं काम, अशा तिच्या अटी आहेत. काम केल्याचा पुरावा द्यावा लागतो, आणि तो साठीनंतर गोळा करायला निघालं की संस्था बंद पडलेल्या असतात, निर्मात्यांचे नंबर बदललेले असतात. आजच एक फाइल करा, तिच्या प्रती मोबाइलवर काढून ठेवा आणि ती कुठे आहे ते घरात कुणाला तरी सांगून ठेवा.